हाताचा हिशेब आणि यंत्राचा ताळा

जुन्या पिढींतील मंडळींची एक तक्रार आपण सर्वांनींच ऐकिली आहे. आजच्या मुलांस पावकी, निमकी, पाऊणकी तर राहोच, परंतु साधा एकोणिसाचा पाढाहि येत नाहीं. वाण्याकडून किती पैसे परत घ्यावयाचे हें सांगण्यासहि त्यांस खिशांतलें यंत्र बाहेर काढावें लागतें, अशी ती तक्रार. तरुण मंडळींचें उत्तरहि तितकेंच ठरलेलें असतें: जें काम यंत्र निमिषार्धांत आणि बिनचूक करितें, तें माणसानें घाम गाळून कां करावें? दोन्ही पक्षांचें म्हणणें आम्ही पुष्कळ वर्षें ऐकत आलों आहों. परंतु पुरतें समाधान होईल असें उत्तर आम्हांस कोणाकडेच आढळलें नाहीं. याचें कारण असें कीं, हा वाद बहुधा मोघम चालतो. एखादें निश्चित काम समोर ठेवून, त्यांत हात कोठें उपयोगीं पडतो आणि यंत्र कोठें, हें पाहण्याचे श्रम कोणी घेत नाहीं.

विजेच्या सर्किटांचें प्राथमिक गणित हें असें एक निश्चित काम आहे. तें शिकविण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं. शिवाय अभियांत्रिकीच्या वर्गांत जाणारें एखादें तरी मूल आतां बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत असतेंच. तेव्हां हा प्रश्न केवळ शाळामास्तरांचा राहिला नसून घरांतल्या वडील माणसांचाहि झाला आहे. म्हणून तो येथें मांडण्याचें धाडस करितों. विषय थोडा आंकड्यांचा आहे. पण वाचकांनीं कंटाळूं नये. ज्यास दुधाचा हिशेब येतो त्यास हाहि येईल.

या गणिताचा पाया अगदीं लहान आहे. ओहम नांवाच्या जर्मन शिक्षकानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला एक नियम, आणि किर्खोफ यानें १८४५ सालीं सांगितलेले दोन, एवढीच काय ती पुंजी. किर्खोफ हा त्या वेळीं क्योनिग्सबर्ग येथें विद्यार्थी होता आणि त्यानें विशी नुकतीच ओलांडली होती. ओहम सांगतो कीं, विजेच्या दाबास रोधानें भागिलें म्हणजे प्रवाह निघतो. किर्खोफाचा पहिला नियम बागेंतल्या पाटाच्या पाण्यासारखा आहे: फाट्यापाशीं जितकें पाणी येतें, तितकेंच पुढच्या वाटांनीं विभागून जातें, मध्यें कोठें सांचत नाहीं. दुसरा नियम पर्वती चढणाऱ्यास सहज समजेल. पायथ्याच्या एका पायरीवरून निघून, वाटेल त्या वाटेनें फिरून पुन्हां त्याच पायरीवर आलों, तर जितके चढलों तितकेच उतरलों असलों पाहिजे. सर्किटांतील कोणत्याहि वेढ्यांत दाबाची चढउतार अशीच बरोबर जुळते.

आतां एक उदाहरण घेऊं. १२ व्होल्टची एक बॅटरी २ किलोओहमच्या रेझिस्टरांतून एका सांध्याशीं जोडिली आहे. ६ व्होल्टची दुसरी बॅटरी १ किलोओहमच्या रेझिस्टरांतून त्याच सांध्याशीं आली आहे. आणि त्या सांध्यापासून २ किलोओहमचा तिसरा रेझिस्टर जमिनीकडे गेला आहे. सांध्यावर दाब किती? समीकरण एकच मांडावें लागतें, आणि उत्तर येतें ६ व्होल्ट. ताळा पाहूं: पहिल्या बॅटरीकडून ३ मिलिअँपियर येतात, तिसऱ्या रेझिस्टरांतून ३ च जातात; दुसऱ्या बॅटरीकडून कांहींच येत नाहीं. विद्यार्थी येथें दचकतो. बॅटरी आहे, तार जोडिली आहे, मग प्रवाह कसा नाहीं? परंतु हातानें गणित केलें असेल तर कारण त्याच कागदावर दिसतें: सांधाहि ६ व्होल्टवर आणि बॅटरीहि ६ व्होल्टवर. दोन हौदांतील पाणी एकाच पातळीस असतां मधल्या नळांतून कांहीं वाहत नाहीं, तसाच हा प्रकार.

हेंच सर्किट संगणकास सांगितलें तर तोहि ६ व्होल्टच सांगतो. मात्र दुसऱ्या बॅटरीच्या प्रवाहापुढें स्वच्छ शून्य लिहिण्याऐवजीं दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यें आणि मग कांहीं आंकडे, असें उत्तर तो कित्येकदां देतो. कारण त्याचें अपूर्णांकांचें गणित ठराविक घरांपर्यंतच चालतें आणि शेवटच्या घरांत थोडा गाळ राहतो. ज्यानें हातानें हिशेब केला आहे तो हा गाळ झटकून शून्य लिहितो. ज्यानें केला नाहीं तो सर्व आंकडे श्रद्धेनें वहींत उतरून घेतो. अशा वह्या आम्हीं पुष्कळ तपासल्या आहेत.

यावरून संगणकास नांवें ठेवण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. या कामासाठीं आज जगभर ज्या प्रणाली वापरल्या जातात, त्यांतल्या बहुतेकांचें मूळ ‘स्पाइस’ या एकाच घराण्यांत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागांत प्राध्यापक डोनल्ड पेडरसन यांच्या हाताखालीं लॉरेन्स नेगल या विद्यार्थ्यानें ती रचिली. १९७३ सालीं ती विद्वानांपुढें मांडिली गेली आणि १९७५ सालीं तिची दुसरी, सुधारलेली आवृत्ति निघाली. विद्यापीठानें ती लोकांस मुक्तहस्तानें दिली, म्हणून तिचा वंश इतका वाढला. त्यांतल्या कांहीं प्रणाली आजहि कोणासहि घरच्या संगणकावर फुकट घेतां येतात. तिची गरजहि खरी होती. सुटे भाग फळीवर जोडून पाहण्याचे दिवस मागें पडून, शेंकडों भाग नखाएवढ्या चकतींत एकदमच कोरण्याचे दिवस आले होते. चकती एकदां तयार झाली म्हणजे आंतला एक रेझिस्टर काढून दुसरा घालतां येत नाहीं. जें पाहावयाचें तें आधींच पाहिलें पाहिजे.

आणि ही प्रणाली तरी आंत काय करिते? ओहम व किर्खोफ यांचींच समीकरणें मांडिते आणि एकेक अज्ञात संख्या काढून टाकीत ती सोडविते. रीत आपलीच; फरक चिकाटीचा. अज्ञात संख्या दुप्पट झाल्या म्हणजे सोडविण्याचे श्रम सुमारें आठपट होतात. तीन अज्ञातांपर्यंत माणूस आनंदानें जातो, पांचांशीं कंटाळतो, आणि दहांशीं चिन्ह चुकवितो. यंत्रास दहा आणि दहा हजार यांत कंटाळ्याचा भेद नाहीं.

शिवाय माणसाचा हिशेब पुष्कळदां सोईस्कर गृहीतांवर चालतो. ५ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि एक सिलिकॉनचा डायोड एका माळेंत जोडिले असतां प्रवाह किती, असें विचारिलें तर आम्ही डायोडवर ०.७ व्होल्ट खर्ची टाकितों आणि ४.३ मिलिअँपियर असें तोंडींच सांगतों. संगणकाच्या सामान्य प्रतिरूपानें उत्तर सुमारें ४.३१ येतें. इतक्या थोड्या फरकासाठीं कोण यंत्र उघडील? परंतु बॅटरी ५ च्या जागीं १ व्होल्टची करा. तोंडी हिशेब म्हणतो ०.३ मिलिअँपियर, यंत्र म्हणतें सुमारें ०.३७. म्हणजे जवळजवळ एक पंचमांश चूक! गृहीत तेंच, रीत तीच. पण जें गृहीत श्रीमंतींत खपून गेलें तें गरिबींत उघडें पडलें. आपलें गृहीत कोठवर चालतें, हें हाताच्या हिशेबास स्वतः सांगतां येत नाहीं. तें यंत्र दाखवितें, आणि हा त्याचा उपकार लहान नव्हे.

पण यंत्राचीं स्वतःचींहि कांहीं व्रतें आहेत, आणि तीं ठाऊक नसणाऱ्यास तें मोठ्या नम्रपणें खड्ड्यांत नेतें. स्पाइसच्या घराण्यांत रोमन लिपींतील ‘एम्’ हें अक्षर, मोठें लिहा कीं लहान, ‘मिलि’ म्हणूनच वाचिलें जातें. दहा लाख ओहम हवे असतील तर ‘मेग्’ असें लिहावें लागतें. विद्यार्थी पाठ्यपुस्तकाच्या संवयीनें मोठें ‘एम्’ लिहितो आणि त्याच्या सर्किटांत दहा लाख ओहमच्या जागीं ओहमचा एक सहस्रांश येऊन बसतो. यंत्र हूं कीं चूं करीत नाहीं. दुसरें व्रत असें: बॅटरी वीज पुरवीत असतां तिचा प्रवाह तें ऋण चिन्हानें लिहितें, कारण प्रवाह बॅटरीच्या धन टोकांतून आंत शिरतो असें धरण्याची त्याची रीत आहे. तिसरें व्रत त्याहून गमतीचें आहे. बॅटरी, रेझिस्टर आणि कपॅसिटर अशी माळ करून ‘कपॅसिटर कसा भरतो तें दाखीव’ असें सांगितलें, तर पुष्कळदां तें एक सरळ आडवी रेघ काढून देतें. कारण आरंभ करण्यापूर्वीं सर्किटाची स्थिरस्थावर स्थिति तें आपण होऊन काढून ठेवितें, आणि त्या स्थितींत कपॅसिटर आधींच काठोकाठ भरलेला असतो! १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड यांचा गुणाकार १ सेकंद येतो, तेवढ्या वेळांत कपॅसिटर सुमारें ६३ टक्के भरला पाहिजे, हें ज्यानें कागदावर आधीं काढिलें आहे, त्यास ती आडवी रेघ पाहतांक्षणीं खटकते. इतरांस ती प्रमेयासारखी वाटते.

हात आणि यंत्र या दोहोंचें एकमत झालें म्हणजे सर्व झालें, असेंहि नाहीं. एक तिसरा साक्षीदार उरतोच. १२ व्होल्टवर १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढें एक जोडिले तर मध्यें ६ व्होल्ट मिळतात, हें हात सांगतो आणि यंत्रहि सांगतें. तेथें जुन्या पद्धतीचा, दर व्होल्टास २०,००० ओहम असा छाप असलेला कांट्याचा मल्टिमीटर १० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवून लावा: कांटा सुमारें ५.८५ दाखवील. मीटर स्वतःच दोन लाख ओहमचा रेझिस्टर होऊन मध्यें बसला, हें त्याचें कारण. आजच्या आंकडे दाखविणाऱ्या मीटरचा रोध बहुधा एक कोटि ओहमचा असतो, तेव्हां तो जवळजवळ ६ च सांगेल; पण रेझिस्टरांवर सोनेरी पट्टा असेल तर ते प्रत्येकीं शेंकडा ५ पर्यंत कमीअधिक असूं शकतात, आणि त्या हिशेबानें ५.७ पासून ६.३ पर्यंत कोणतेंहि उत्तर खरेंच म्हटलें पाहिजे. कागदावरचे ६ आणि टेबलावरचे ६ यांत असें अंतर असतें.

हें अंतर केवळ परीक्षेंतील गुणांपुरतें नसतें, याचा प्रत्यय आमच्या कुटुंबांत एका पावसाळ्यापूर्वीं आला. आमच्या मातुःश्री कोंकणांतल्या घरीं राहतात. त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. आणि तिकडे पहिल्या वाऱ्यासरशीं वीज जाते ती केव्हां येईल याचा नेम नसतो. रात्रीं अंधारांत त्या माजघरांतून पडवींत जाऊं लागल्या म्हणजे आम्हां सर्वांचा जीव टांगणीस लागे. आमची पुतणी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत होती. तिनें मनावर घेतलें कीं, आजीच्या उशाशीं ठेवण्यास आपण स्वतः दिवा करून द्यावयाचा. १२ व्होल्टची लहान बॅटरी, एल. ई. डी.चे दहा पांढरे दिवे शेजारींशेजारीं जोडिलेले, आणि सर्वांस मिळून ४७ ओहमचा एक रेझिस्टर, अशी तिची योजना होती. संगणकावर तिनें ती चालवून पाहिली. प्रत्येक दिव्यास सुमारें १९ मिलिअँपियर. दहाहि दिवे अगदीं सारखे. आलेख पाहून कोणासहि समाधान वाटावें.

पुण्याच्या घरीं जेवणाच्या टेबलावर तिनें तो प्रत्यक्ष जोडिला. दिवे लागले, पण कांहीं ठळक आणि कांहीं मंद. थोड्याच वेळांत जळका वास सुटला आणि तो इवलासा रेझिस्टर काळा पडला. वडीलबंधु म्हणाले, ‘‘पाहिलीत यांची विद्या? हा दिवा आईच्या उशाशीं, मच्छरदाणीजवळ ठेवणार होते! संगणक सांगतो म्हणून घर जाळावयाचें काय? पुरे झाला हा खेळ. बाजारांतून तयार दिवा आणा.’’

मुलीचे डोळे भरून आले. पण तिनें जें उत्तर दिलें तें आमच्या अजून लक्षांत आहे. ती म्हणाली, ‘‘बाबा, संगणकानें खोटें सांगितलें नाहीं. मीं त्यास विचारलेंच नाहीं.’’

तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. दिव्यावर सुमारें ३.२ व्होल्ट खर्च होतात, बाकीचे ८.८ त्या एकट्या रेझिस्टरावर पडतात. ८.८ चा वर्ग करून ४७ नें भागिलें म्हणजे सुमारें १.६५ वॅट उष्णता निघते. दुकानांतून आणलेला रेझिस्टर पाव वॅटचा. संगणकांतील रेझिस्टरास सहस्र वॅट द्या, तो काळा पडत नाहीं. त्याच्या जगांत धूर नाहीं. तसेंच त्याच्या जगांत एकाच जातीचे दहा दिवे म्हणजे दहा जुळे भाऊ. प्रत्यक्षांत मात्र त्यांत थोडें डावेंउजवें असतें, आणि जो किंचित् अधिक हांवरा असतो तो इतरांच्या वाट्याचा प्रवाह घेऊन बसतो.

आम्हीं बंधूंस म्हटलें, ‘‘दादा, चार दिवस द्या तिला.’’ आणि तिला म्हटलें, ‘‘आतां यंत्र मिटून ठेव. ह्या १२ व्होल्टांपैकीं प्रकाशास किती गेले आणि चुलींत किती, एवढेंच कागदावर लिही.’’ तिनें लिहिलें: प्रकाशास ३.२, चुलींत ८.८. जवळजवळ तीन चतुर्थांश बॅटरी नुसती ऊन होण्यांत जात होती. तो आंकडा पाहतांच ती आपण होऊन म्हणाली, ‘‘काका, मग तीन तीन दिव्यांच्या माळा कां करूं नयेत? ९.६ व्होल्ट कामीं लागतील.’’ ही युक्ति संगणकानें सुचविली नसती. ती वजाबाकींतून निघाली. २.४ व्होल्ट उरले, २० मिलिअँपियर हवेत, म्हणून प्रत्येक माळेस १२० ओहम. तीन माळा, नऊ दिवे, आणि एकंदर खर्च पूर्वीच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याचा.

येथें गोष्ट संपली असती तर हाताचा विजय झाला असें म्हणून आम्ही मोकळे झालों असतों. परंतु मुलीनें पुन्हां संगणक उघडिला आणि बॅटरीचा दाब ११ पासून १३.८ पर्यंत हळूहळू बदलून पाहिला. कारण बॅटरी उतरत आली म्हणजे ती ११ च्या आसपास येते आणि भरणाऱ्या यंत्राला लावून ठेविली म्हणजे १३.८ पर्यंत चढते. आलेखाची रेघ चांगलीच उभी निघाली. हिशेबानें पाहतां ११ वर सुमारें १२ मिलिअँपियर, तर १३.८ वर ३५! अशा दिव्यांची सोसण्याची मर्यादा बहुधा ३० च्या आंतच असते. कारणहि उघड आहे. रेझिस्टरावर उरणारा दाब जितका थोडा, तितका बॅटरीचा चढउतार दिव्यांस अधिक जाणवतो. काटकसर केली ती येथें महाग पडत होती. तिनें १२० च्या जागीं १८० ओहम घातले: १३.८ वर २३, १२ वर १३ आणि ११ वर ८ मिलिअँपियर. प्रकाश थोडा कमी, पण निर्धोक. नंतर प्रत्येक रेझिस्टरावरील उष्णता काढिली; ती वाईटांत वाईट प्रसंगींहि एक दशांश वॅटच्या आंत आली. शेवटीं दिवा जोडून रात्रभर पेटता ठेविला, आणि सकाळीं वडीलबंधूंनींच रेझिस्टरांस बोट लावून पाहिलें. कांहीं न बोलतां त्यांनीं कोंकणच्या गाडीचीं तिकिटें काढिलीं. मातुःश्रींचा अभिप्राय एवढाच पडला कीं, ‘‘वात नाहीं, तेल नाहीं, आणि ह्यास दिवा म्हणतेस होय गो!’’ तो पावसाळा त्यांनीं त्याच दिव्यावर काढिला.

या सर्वांवरून आमचें मत असें झालें आहे कीं, हात आणि यंत्र यांत श्रेष्ठ कोण हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न क्रमाचा आहे. प्रथम कागदावर ढोबळ अदमास, मग यंत्र, मग प्रत्यक्ष मोजणी. अदमास आधीं केलेला असला म्हणजे यंत्राचें उत्तर हें ताळ्यासारखें येतें, आणि तें जुळलें नाहीं तर चूक कोठें आहे हें शोधण्यास एक धागा तरी हातीं असतो. क्रम उलटा केला, म्हणजे यंत्राचें उत्तर आधीं पाहून मग कागद काळा केला, तर आपलें मन नकळत त्या उत्तराकडेच ओढलें जातें; तो ताळा नव्हे, नक्कल होय. पूर्वींचे गुरुजी पाटीवर उत्तर झांकून ताळा करावयास लावीत, त्यांत हेंच शहाणपण होतें. दोन उत्तरें जुळलीं नाहींत म्हणून विद्यार्थ्यानें निराश होऊं नये. जुळतात तेव्हां आपल्यास ठाऊक होतें तेंच पुन्हां कळतें. जुळत नाहींत तेव्हां कांहीं तरी नवें कळण्याचा संभव असतो: एक तर आपलें गृहीत चुकलें, नाहीं तर यंत्रास सांगण्यांत चूक झाली, किंवा वस्तूंतच असें कांहीं आहे जें दोघांनींहि विचारांत घेतलें नाहीं.

ज्या पालकांस या शास्त्राचा गंध नाहीं त्यांनींहि हात टेकण्याचें कारण नाहीं. आपला मुलगा किंवा मुलगी संगणकावरचा सुंदर आलेख दाखवूं लागली, तर तिचें कौतुक अवश्य करावें आणि मग सहज विचारावें, ‘‘हें उत्तर येण्यापूर्वीं तुला किती येईल असें वाटलें होतें?’’ या एका प्रश्नाचें उत्तर जीस देतां येतें, तिच्या हातीं यंत्र निर्धास्तपणें द्यावें. जीस देतां येत नाहीं, तिच्याजवळ एक पेन्सिल आणि कोरा कागद सरकवावा, आणि रागें न भरतां थोडा वेळ तिच्याशेजारीं बसावें.